हात कुठे जोडलेला असतो?

[दृश्य: लालबाग. पत्र्याची शेड, वर निळी ताडपत्री. पावसाचा आवाज.]

आषाढ सरत आलाय. कोकणात ज्याला गणपतीची शाळा म्हणतात, त्याला इथे लालबाग-परळमध्ये कारखाना म्हणतात. आत मूर्ती रांगेने बसल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच मूर्तींना अजून हात नाहीत. हात वेगळ्या साच्यांतून निघतात. ते एका कडेला गोणपाटावर मांडून ठेवलेत. आशीर्वादाचे एका बाजूला, मोदकाचे दुसऱ्या बाजूला.

मूर्तिकार काका एक हात उचलतात, मूर्तीच्या खांद्याशी धरतात, दोन पावलं मागे येऊन बघतात आणि मान हलवतात. पुन्हा धरतात, या वेळी बोटभर खाली. हात नेमका कुठे जोडायचा, हे ठरल्याशिवाय मूर्तीला जीव येत नाही.

आपला हात धडाला कुठे जोडलेला असतो? विचारलं तर प्रत्येक जण खांद्यावर बोट ठेवेल. पण एक करून बघा. डाव्या हाताचं बोट गळ्याच्या खळगीत ठेवा आणि किंचित उजवीकडे सरकवा. तिथे हाडाचं एक टोक लागेल. आता उजवा हात हळूहळू डोक्यावर न्या. बोटाखालचं ते टोक हललं ना?

हा उजव्या हाताचा पहिला सांधा. कॉलर बोन आणि छातीचं मधलं हाड यांच्यातला. पूर्ण हात आणि धडाचा सांगाडा यांच्यात हाडाला हाड भिडतं ते फक्त इथे, एवढ्याशा जागेत. बाकी सगळा हात स्नायूंनी तोलून धरलेला असतो. पाठीमागचं खांद्याचं पातं तर बरगड्यांना कुठेच सांध्याने जोडलेलं नाही. ते स्नायूंच्या गादीवर वर, खाली, आडवं सरकत असतं.

शरीरात २०६ हाडं. त्यातली ६४ दोन हातांत, म्हणजे कॉलर बोनपासून बोटांच्या टोकापर्यंत एका हातात ३२. आज आपण त्यांच्यामधल्या जागांकडे बघणार आहोत.

[दृश्य: बांबूची परांची. काका वर चढून मोठ्या मूर्तीच्या मुकुटावर ब्रश फिरवताहेत.]

शाळेच्या पुस्तकात खांद्याला उखळीचा सांधा म्हटलेलं असतं. शब्द रुळलेला आहे, पण मला तो खांद्यासाठी कधीच पटला नाही. उखळ खोल असते. खोल उखळ बघायची तर कमरेखाली खुब्याचा सांधा बघावा. खांद्यात दंडाच्या हाडाचं डोकं गोल आणि मोठं, आणि ज्या खळग्यावर ते टेकतं तो उथळ, लहान. कोणत्याही क्षणी त्या डोक्याचा जेमतेम तिसरा भाग खळग्याला टेकलेला असतो.

शाळेतली लिंबू-चमच्याची शर्यत आठवा. खांदा म्हणजे ते लिंबू आणि तो चमचा. चमच्याच्या काठाला मऊ कूर्चेची एक कडा असते, ती खळगा थोडा खोल करते. भोवती एक सैलसर पिशवी असते. पण लिंबू पडू न देण्याचं खरं काम करतात चार स्नायू. पात्यावरून निघून ते दंडाच्या हाडाच्या डोक्याला पुढून, वरून आणि मागून कवेत घेतात. डॉक्टर त्यांना रोटेटर कफ म्हणतात. हात हलत असताना हे चौघे सतत त्या गोल डोक्याला खळग्याकडे ओढून धरतात.

आणि शर्यतीत पळणारा पोरगा काय करतो? लिंबू कलंडायला लागलं की चमचाही त्या बाजूला कलता करतो. खांद्याचं पातं अगदी हेच करतं. हात बाजूने पूर्ण वर नेला तर १८० अंशांचा प्रवास होतो. त्यातले साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यात आणि ६० अंश पात्याच्या फिरण्यात. हात वर जातो तसा चमचाही वळत जातो, म्हणून लिंबू त्याच्यावर राहतं. समोरच्या माणसाच्या उघड्या पाठीकडे बघितलंत तर हे डोळ्यांनी दिसतं. मला शरीरातली सगळ्यात देखणी हालचाल ही वाटते.

या मोकळेपणाची किंमत मात्र आहे. मोठ्या सांध्यांमध्ये सर्वांत जास्त निखळतो तो खांदा, आणि बहुतेक वेळा तो पुढच्या बाजूला निखळतो. हात वर आणि बाहेर वळलेला असताना मागे हिसका बसला, की लिंबू पुढून घरंगळतं. लोकलच्या दारात दांडा धरून उभं असताना, दहीहंडीच्या थरावरून पडताना कोणाचा तरी हात धरायला जाताना, हेच होतं. असं झालं तर ओढून बसवणारे हौशी लोक लगेच गोळा होतात. त्यांना हात लावू देऊ नका. खांद्याच्या खालून एक महत्त्वाची नस, म्हणजे मज्जातंतू, जाते, ती दुखावू शकते. हात आहे तसा झोळीत धरा आणि रुग्णालय गाठा. पहिल्यांदा खांदा निखळला तेव्हा वय जितकं कमी, तितका तो पुन्हा निखळण्याचा संभव जास्त असतो. म्हणून बसवल्यानंतरचा व्यायाम टाळू नये.

काकांचं दुखणं वेगळं आहे. दिवसभर हात डोक्याच्या वर. पात्याच्या टोकाचं हाड छपरासारखं पुढे आलेलं असतं आणि त्या छपराखालच्या अरुंद फटीतून त्या चारपैकी वरच्या स्नायूची दोरी जाते. हात वर धरून काम करणाऱ्यांची ही दोरी तिथे घासली, चिमटली जाते. छताला रंग देणारे, पंखे बसवणारे इलेक्ट्रिशियन, फळ्यावर वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या बाई, सगळ्यांची तक्रार एकच असते: हात अमुक एका उंचीला आला की कळ येते. परांची एक हात उंच बांधली, तर काम डोळ्यांच्या रेषेत येतं आणि खांदा वाचतो. एक बांबू वर बांधायचा, इतकाच खर्च.

दुखतंय म्हणून हात अजिबात न हलवणं हेही बरं नाही. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा, तिला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या बुळबुळीत द्रवातून होतं आणि तो द्रव आत मुरतो हालचालीने. गोठलेला खांदा, म्हणजे फ्रोझन शोल्डर, बहुतेक चाळिशी ते साठीत गाठतो, मधुमेह असलेल्यांना जास्त. केस विंचरता येत नाहीत, ब्लाउजचे हुक लागत नाहीत, खिशातलं पाकीट काढता येत नाही. कित्येक बायका महिनोन्‌महिने हे कोणाला सांगतसुद्धा नाहीत. सांगा. वेळेवर उपचार आणि व्यायाम सुरू केले तर दुखणं सुसह्य होतं आणि हात मोकळा व्हायला मदत होते.

[दृश्य: जमिनीवर शाडूचा ढिगारा. दोन पोरं माती मळताहेत.]

माती मळणाऱ्या या मुलाचं कोपर बघा. दाब देताना हात सरळ होतो आणि तिथेच थांबतो. कोपराचं मागचं टोक, जे आपण टेबलावर टेकवतो, ते कोपरापुढच्या दोन हाडांपैकी अल्ना या हाडाचं आहे. हात सरळ झाला की ते टोक दंडाच्या हाडामागच्या खाचेत जाऊन बसतं, दाराची खिटी बसावी तसं. त्यापुढे कोपर उघडत नाही. म्हणून सगळं अंग मातीवर झोकून देता येतं.

कोपर बिजागरीसारखं उघडतं-मिटतं हे खरं, पण एकाच पिशवीत तिथे तीन सांधे आहेत. बिजागरीचं काम करते अल्ना. शेजारच्या रेडियसचं वाटोळं डोकं दंडाच्या हाडावर टेकतं आणि जागच्या जागी फिरतं. तिसरा सांधा या दोन हाडांच्या आपसातला. त्याच्याकडे पुढे येतो. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात त्या मात्र हाडाच्या नसतात. आतल्या उंचवट्यामागून एक नस कातडीच्या लगेच खाली जाते. म्हणून झिणझिण्या पार करंगळीपर्यंत जातात.

आपल्याकडे कोपराला गूळ लावणं म्हणतात. गूळ दिसतो, जीभ पोहोचत नाही. दंडाचं हाड आखूड होणार नाही, खांदा कितीही फिरला तरी कोपर तोंडाशी येणार नाही. पण कोपर दुमडलं की बोटं थेट तोंडाशी. घास तोंडात जाण्यासाठी लागणारी घडी इथे आहे.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला त्याचा एक हात धरून उचलू नका, गाडीत चढताना किंवा दर्शनाच्या गर्दीत हिसका देऊन ओढू नका. रेडियसच्या डोक्याभोवती अस्थिबंधाची एक अंगठी असते. लहान वयात हिसक्याने ती सरकून सांध्यात अडकते. मूल रडतं आणि मग तो हात वापरायचंच बंद करतं. डॉक्टर क्षणभरात ती जागेवर आणतात, पण मुलाला ते सोसायला लागू नये. उचलायचं तर दोन्ही काखांत हात घालून.

[दृश्य: गोणपाटावरचे तयार हात. कॅमेरा आशीर्वादाच्या हातावरून मोदकाच्या हातावर.]

आता गणपतीचे पुढचे दोन हात बघा. एकाचा तळवा भक्ताकडे, दुसऱ्याचा आकाशाकडे. खांद्यातून न फिरता, कोपर दुमडलेलं ठेवून, तुमच्या हाताने हे करून बघा. मोदक धरा. मग आशीर्वाद द्या. फिरलं काय? मनगट नव्हे. कोपरापासून पुढचा अख्खा हात फिरला.

तळवा वर असताना रेडियस आणि अल्ना शेजारी शेजारी, समांतर असतात. तळवा पालथा केला की रेडियस अल्नाला ओलांडून जाते आणि दोन हाडांची फुली होते. खिळीच्या सांध्यांची ही जोडी, एक कोपराशी आणि एक मनगटाशी. तीर्थ घेताना हाडं समांतर, भाकरी थापताना फुली. जाणता मूर्तिकार म्हणूनच मोदकाचा हात जरा रुंद, चपटा घडवतो आणि आशीर्वादाचा गोलसर. शरीरशास्त्र न शिकता, निव्वळ बघून बघून आलेली ही समज आहे.

दंडातली बेटकुळी कोपर दुमडते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तळवा वर फिरवायलाही तीच जोर लावते, आणि कोपर दुमडलेलं असताना तो जोर जास्त असतो. उजवा हात स्क्रू पिळून घट्ट करतो तो याच बळावर.

कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावरून मनगट मागे उचलणारे स्नायू सुरू होतात. मूठ घट्ट धरायची तर त्यांना मनगट सावरून धरावं लागतं. तासन्‌तास पॉलिश पेपर घासणाऱ्या, पिळे पिळणाऱ्या माणसाच्या त्या जागी दुखायला लागतं आणि त्याला टेनिस एल्बो म्हणतात. ज्यांना तो होतो त्यातल्या बहुतेकांनी टेनिसची रॅकेट हातात धरलेली नसते. इथून जवळच्या शिवाजी पार्कवर ज्याची फलंदाजी घडली त्या सचिन तेंडुलकरला २००४ मध्ये डाव्या कोपराला तो झाला आणि २००५ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हा या दुखण्याचं नाव घराघरांत पोहोचलं.

[दृश्य: मनगट. हातात कोरणी.]

मनगटात आठ हाडं, दोन ओळींत, खड्यांसारखी. त्यांचा भार मुख्यतः रेडियस घेते. अल्ना त्यांना थेट टेकतही नाही, मध्ये कूर्चेची चकती असते. म्हणून पावसात ओल्या जिन्यावर घसरून तळवा टेकला की मोडते ती बहुधा रेडियस, मनगटाच्या जरा वर. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये या मोडीचं वर्णन केलं. एक्स-रे यायला अजून ८१ वर्षं होती. त्यांनी ते हाताने चाचपून, डोळ्यांनी बघून ओळखलं.

अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं हाड आहे, ते फसवं. पडल्यावर अंगठ्यामागच्या खळगीत दाबून दुखत असेल, तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी निर्धास्त राहू नका. या हाडाला रक्त येतं मुख्यतः बोटांकडच्या टोकाने. मधोमध चीर गेली तर कोपराकडचा तुकडा उपाशी पडू शकतो आणि मग तो जुळेलच असं नाही.

आता एका हाताने दुसऱ्या हाताचा कोपराखालचा भाग पकडा आणि त्या हाताची बोटं नाचवा. पकडीखाली वळवळ जाणवेल. बोटं दुमडणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते इथे असतात. तिथून दोऱ्या निघतात आणि मनगटातल्या बोगद्यातून पुढे जातात. नऊ दोऱ्या आणि एक नस. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या वरून नाचवतात, तशी ही बोटं कोपराजवळून नाचतात. स्नायू बोटांत भरले असते तर बोटं जाडजूड झाली असती, कोरणी धरता आली नसती.

अंगठ्याच्या मुळाचा सांधा मात्र सगळ्यांहून निराळा. दोन खोगिरं एकमेकांवर आडवी ठेवावीत तसा. पुढे-मागे होतो, आत-बाहेर होतो आणि त्याच ओघात किंचित वळून बाकीच्या चारही बोटांसमोर येऊन उभा राहतो. चिमूट, पकड, सुईत दोरा, सगळं या एका वळणावर.

[दृश्य: संध्याकाळ. एकच दिवा. रेडिओ बंद केला जातो.]

आता आखणी. मूर्तीचे डोळे.

काका स्टुलावर बसतात. उजवं कोपर गुडघ्यावर टेकवतात. डाव्या हाताने उजवं मनगट खालून धरतात. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकते. खांद्याचे ते चार स्नायू आता लिंबू घट्ट धरून बसलेत. बेटकुळी आणि तिच्या मागचा स्नायू एकाच वेळी ताणलेत, त्यामुळे कोपर इकडे जात नाही आणि तिकडेही. १८० अंश फिरू शकणारा खांदा, फुली मारणारी दोन हाडं, मनगटाचे आठ खडे, सगळे जागच्या जागी. हलताहेत फक्त अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, आणि तीही तांदळाच्या दाण्याएवढी.

काका श्वास धरतात. ब्रशचं टोक पापणीच्या कडेवरून जातं, एका दमात, आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत.

श्वास सुटतो. ते कोपर उचलतात, खांदा एकदा गोल फिरवतात आणि दुसऱ्या डोळ्याकडे वळतात.