बिननावाची नळी

मंडळी, बंदुकीची जुनी नळी घेऊन कुणी आलं की नळीच्या आधी तिची गोष्ट बाहेर येते. "वाड्यात माळ्यावर होती, सत्तावनच्या बंडातली आहे." आपल्या सोलापुरात दुसरीही गोष्ट चालते: भुईकोट किल्ल्यातली, 1818 च्या लढाईतली. मी म्हणतो, असेलही. आधी माप घेऊ.

आज टेबलावर नळी नाही. ती मालकांनी पोलिस ठाण्यात जमा केली आहे. का, ते शेवटी सांगतो. इथे तिचे फोटो आहेत आणि तिच्यातून ठोकून काढलेल्या शिशाच्या दोन गोळ्या. दस्ता, चाप, घोडा काही नव्हतं, नुसती गंजकी नळी.

पहिलं काम म्हणजे ती रिकामी आहे ना हे पाहणं. ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून भरायच्या नळीचं बूड बंद असतं आणि आत जुना बार राहिलेला असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. म्हणून गज आत घालायचा, तोंडापाशी खूण करायची आणि तोच गज बाहेरून नळीशी लावून पाहायचा. आत कमी गेला तर हात लावू नका. ही नळी दोन्हीकडून उघडी होती, आरपार उजेड दिसत होता.

आता बूड. लोक आधी शिक्के शोधतात, मी आधी आटे बघतो. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाची खोड म्हणा. 1853 च्या नमुन्याच्या ठासणीच्या एनफिल्डला, म्हणजे त्या ब्रिटिश फौजी बंदुकीला, बुडात स्क्रूसारखी खीळ बसते, म्हणजे आटे नळीच्या आतून. शिवाय बाजूला निप्पलसाठी, म्हणजे बार पेटवणारी टोपी बसवायच्या नळकांडीसाठी, उंचवटा असतो. या नळीला उंचवटा नव्हता आणि आटे होते बाहेरून. म्हणजे तिच्यावर मागून वेगळा लोखंडी सांगाडा चढत होता आणि काडतूस मागून भरत होते. लांबी साडेछत्तीस इंच. एनफिल्डची नळी 39 इंचांची. तिचं अडीच इंच बूड कापून स्नायडरचा, म्हणजे मागून काडतूस भरायचा, सांगाडा चढवायचा, ही 1866 मध्ये ब्रिटिश फौजेने पत्करलेली काटकसर होती. मार्टिनी-हेन्री या दुसऱ्या ब्रिटिश बंदुकीचे आटेही बाहेरूनच असतात, त्यामुळे एवढ्यावर निकाल देता येत नाही.

म्हणून शिसं. नळीला तेल द्यायचं, भोकापेक्षा जराशी मोठी मऊ शिशाची गोळी लाकडी ठोकळ्याने आत बसवायची आणि पितळी गजाने परत बाहेर काढायची. नळीच्या आत गोळीला फिरकी देणाऱ्या ज्या पिळाच्या खाचा असतात, त्यांचा उलटा ठसा तिच्यावर उमटतो. या दोन्ही गोळ्या नीट बघा, हव्या तर हातात घ्या. तीन रुंद कंगोरे दिसतील. मार्टिनी-हेन्रीला सात लागले असते आणि भोक 0.45 इंच, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आतबाहेर. इथे व्हर्नियर 14.7 च्या आसपास थांबतो, म्हणजे 0.577 इंच. तीन कंगोरे असले की व्हर्नियर फसवतो बरं का, कारण कंगोऱ्यासमोर कंगोरा येत नाही. व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर, ठेवून फिरवून मापावं लागतं.

दोन गोळ्या कशासाठी? एक तोंडाकडची, एक बुडाकडची. बुडाकडचीचे कंगोरे नखाला स्पष्ट लागतात, तोंडाकडचीचे जेमतेम. हा झिजेचा प्रकार नाही. एनफिल्डच्या खाचा मुद्दामच बुडाशी खोल आणि तोंडाशी उथळ कापलेल्या असत. मग गजाला घट्ट चिंधी बांधून पीळ मोजला: साडेएकोणीस इंचांत पाव फेरा, म्हणजे 78 इंचांत एक. अख्ख्या नळीत अर्धाही फेरा होत नाही! तीन खाचा, हा पीळ, हे भोक, बाहेरचे आटे: ही एनफिल्डवरून केलेली स्नायडर.

आता मालकांच्या गोष्टीकडे. स्नायडर 1866 ची, म्हणून सत्तावन खोटं, असं एका फटक्यात म्हणता येत नाही. बूड नंतर कापलं, नळी त्याआधीची आहे. ती सत्तावनच्या आधी घडलेली असू शकते. "असू शकते" एवढंच. याहून पुढे लोखंड बोलत नाही. 1818 मात्र साफ बाद.

शिक्क्यांवर माझा विश्वास बेताचा. कापडातले धागे मोजायचं भिंग घेऊन पाहिलं, आपल्याकडे ते घरोघर सापडतं, तर मुकुटाखाली आडव्यातिडव्या राजदंडांचं बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसचं, म्हणजे नळ्या बार उडवून तपासणाऱ्या संस्थेचं, चिन्ह आणि 25 चा आकडा दिसला. हा आकडा सालाचा नाही. या भोकाच्या 25 गोळ्या एका पौंडात बसतात, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे ही नळी खासगी कारखानदाराकडून प्रूफला गेलेली. बेल्जियमची असती तर अंडाकृतीत ईएलजी ही अक्षरं असती, आणि वर मुकुट असेल तर 1893 नंतरची. खैबर खिंडीकडे घडवलेल्या नकली बंदुकांत तर व्हिक्टोरियाचं व्हीआर आणि खाली 1901 नंतरचं साल सापडतं. राणी त्या वर्षीच्या जानेवारीतच वारली होती!

आणि कृपा करून पॉलिश पेपर मारू नका. गंजाबरोबर शिक्के जातात, आणि मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही. रॉकेल, मऊ कापड, वर तेलाचा हात. बस.

राहिला कायदा. शस्त्र अधिनियम 1959 च्या व्याख्येत सुटे भागही येतात. जुन्या घाटाच्या, दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशा हत्यारांना कलम 45 मध्ये सूट आहे. पण नळी त्यात बसते की नाही हे मालकाने किंवा मी ठरवायचं नसतं. म्हणून ती ठाण्यात गेली, रीतसर पोच घेऊन. शंभर वर्षं जुनी ठरली तर 1972 चा पुराणवस्तू कायदाही लागतो आणि सरकारशिवाय ती कुणाला परदेशी पाठवता येत नाही. ज्यांना अख्ख्या जुन्या बंदुका पाहायच्या आहेत त्यांनी अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघून यावं. आता विचारा काय विचारायचं ते, किंमत सोडून.