नंबर डॉक्टरांचा, चष्मा कारागिराचा

सोलापूर म्हटले की चादरी आणि टॉवेल आठवतात. यंत्रमागावर तुटलेला धागा शोधणारे किंवा पूर्व भागातील घराघरांत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारे डोळे मात्र सहसा कोणाला आठवत नाहीत. ही दोन्ही कामे नजरेवर चालतात, त्यामुळे चाळिशी उलटलेल्या कामगाराची मजुरी पुष्कळदा त्याच्या चष्म्यावर अवलंबून असते.

इथले कारागीर असे चष्मे बनवतात आणि दुरुस्तही करतात. डॉक्टरांची चिठ्ठी हाती आली तरी ते लगेच भिंगाला हात लावत नाहीत. “अक्का, पान कापताना सूप किती लांब असतं? हात धरून दाखवा बरं,” असे ते समोरच्या विडी कामगार महिलेला विचारतात. वयानुसार डोळ्यातील भिंगाची लवचिकता जवळजवळ संपली, की ४० सेंटिमीटरवरचे स्पष्ट दिसण्यासाठी लांबच्या नंबरात २.५० ची भर लागते. ६६ सेंटिमीटरवर मात्र सुमारे १.५० पुरते. साहजिकच वाचनासाठी दिलेला चष्मा लावून मागावर उभ्या राहणाऱ्या विणकराला हातभर अंतरावरचा धागा अंधुक दिसतो. अशा वेळी कारागीर गिऱ्हाइकाला पुन्हा डॉक्टरांकडे पाठवतात, कारण नंबर स्वतःच्या मनाने बदलायचा नाही, ही या धंद्यातील पहिली शिस्त आहे.

त्यानंतर दोन्ही बाहुल्यांमधील अंतर मोजले जाते, ज्याला दुकानात सगळे ‘पीडी’ म्हणतात. ४ नंबरच्या भिंगाचा मध्य बाहुलीपासून ५ मिलिमीटर जरी सरकला, तरी भिंग २ प्रिझमइतका (प्रिझम म्हणजे प्रकाश किती वळतो ते मोजण्याचे एकक) प्रकाश वळवते. मग डोके दुखू लागते आणि बोल मात्र नंबरला लागतो. सिलिंडरचे, म्हणजे ठराविक दिशेतच बसवाव्या लागणाऱ्या नंबरचे, काम त्याहून नाजूक असते, कारण ती दिशा, म्हणजे अक्ष, ३० अंशांनी चुकला तर त्या सिलिंडरचा काहीच फायदा उरत नाही. म्हणून लेन्सोमीटर या भिंगाचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर तपासून मध्य आणि अक्ष दाखवणारे तीन ठिपके दिल्याशिवाय भिंग घासायला जात नाही. हल्लीची यंत्रे फ्रेमचा आकार वाचून भिंग आपोआप कापतात. अर्थात अक्ष चुकीचा दिला, तर चुकीचे भिंगही ती तितक्याच सफाईने कापतात.

काचेची भिंगे आता क्वचितच मागितली जातात. १९४० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेल्या सीआर-३९ या प्लॅस्टिकने चष्म्याचे वजन जवळपास निम्म्यावर आणले, पण त्यावर ओरखडे लवकर पडतात. मागावर दिवसभर उडणारी कापसाची पिंज आणि धूळ सदऱ्याच्या टोकाने कोरडीच पुसली, तर काही महिन्यांत भिंग धूसर होते; म्हणून आधी पाण्याखाली धरा, हे कारागीर प्रत्येकाला सांगतात.

दुरुस्ती मात्र अजूनही हाताचीच आहे. घामातील क्षारांमुळे बिजागरीचा स्क्रू गंजून बसतो आणि नोजपॅडखाली हिरवा थर साचतो. अशा स्क्रूवर जोर केला तर त्याचे डोकेच तुटते, म्हणून तेलाचा थेंब सोडून थांबावे लागते. सोलापूरच्या मे महिन्यात बंद गाडीत चष्मा विसरला, तर तापलेले प्लॅस्टिक आणि त्यावरचे कोटिंग सारखे प्रसरण पावत नाही आणि कोटिंगवर बारीक जाळी पडते. तिला इलाज नाही. सुप्रा फ्रेमची, म्हणजे भिंगाची खालची कड दोरीने धरणाऱ्या फ्रेमची, तुटलेली दोरी बदलणे त्यामानाने सोपे आहे.

नफाच पाहायचा तर नवी फ्रेम विकणे केव्हाही सोयीचे. तरीही हे कारागीर दोन्ही भिंगे काढून ठेवतात, धातूची तुटलेली दांडी चिमट्यात धरतात आणि डाग देतात, म्हणजे तापवून सांधतात. उष्णतेने सांध्याजवळचा धातू मऊ पडतो, हे त्यांना माहीत असते. त्यामुळे दांडी त्याच जागी दुसऱ्यांदा तुटली, तर ते पुन्हा डाग देत नाहीत आणि नवी फ्रेम घ्यायला सांगतात.