एमजीबीचा रेडिएटर घरच्या घरी उतरवताना

(बोनेट उघडं. मी गाडीच्या बाजूला उभा, कॅमेरा समोर.)

नमस्कार मंडळी. मागे उभी आहे ती १९७१ ची एमजीबी. भारतातल्या प्रेक्षकांना एमजी म्हटलं की हेक्टर आठवते, म्हणून आधीच सांगतो, नाव तेच, पण ही खूप आधीची पिढी. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळ ऑक्सफर्डचं. ही गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत होती. पाच लाखांहून जास्त बनल्या. त्यामुळे इकडे इंग्लंडमध्ये आजही हिचा जवळपास प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो, आणि म्हणूनच नवशिक्यानं हात लावायला ही गाडी चांगली.

इंजिन आहे १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, बी-सिरीज. आपल्या अँबेसिडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते याच कुटुंबातलं. सरकारी अँबेसिडर ज्यांच्या हाताखालून गेल्या त्या मेकॅनिकना या बोनेटखाली काही समजावून सांगावं लागणार नाही. बाकीच्यांसाठी हा व्हिडिओ.

काम साधं आहे. पाणी काढा, दोन होज पाइप सोडा, बोल्ट सोडा, रेडिएटर वर उचला. पुस्तकात हे पाच ओळींत लिहिलेलं असतं. पण पन्नास वर्षं जुन्या गाडीत या पाच ओळींच्या मधल्या जागेत काय काय मोडू शकतं, ते मला आज दाखवायचं आहे.

त्याआधी एक प्रश्न. रेडिएटर उतरवायचा कशासाठी? गळत असेल तर प्रश्नच मिटला. पण गाडी तापते म्हणून उतरवत असाल तर जरा थांबा. ती नक्की कधी तापते ते बघा. ट्रॅफिकमध्ये उभी असताना काटा चढतो आणि रस्ता मोकळा झाला की उतरतो? मग पंखा, पंख्याचा पट्टा, इग्निशनचं टायमिंग, हे आधी तपासा. रेडिएटरला उगाच दोष देऊ नका. उलट मोटरवेवर, भरपूर वारा लागत असताना काटा हळूहळू चढत जात असेल, तर मात्र आतल्या नळ्या तुंबल्याची शंका घ्यायला हवी. आणि हो, टोपी. रेडिएटरची टोपी पाण्यावर दाब धरून ठेवते. सुरुवातीच्या एमजीबींना ७ पौंडांची, म्हणजे दर चौरस इंचाला ७ पौंड दाब धरणारी टोपी होती, नंतर १० पौंडांची आली. १० पौंड दाबाखाली पाणी उकळायला साधारण ११५ अंश लागतात. टोपीचं रबर मेलं की तेच पाणी १०० ला उकळून बाहेर येतं, आणि लोक नवीन रेडिएटर मागवतात. टोपी स्वस्त आहे, ती आधी बदलून बघा.

(जवळून: पाने.)

आता हत्यारं. घरात मिलिमीटरचे पाने असतील तर ते इथे चालणार नाहीत. ही गाडी इंचाची. या कामात तुम्हाला मुख्यतः ७/१६ आणि १/२ इंचाचे पाने लागतील. आता बघा, १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३ चा पाना त्यावर बसतो, फिरतोही, आणि नट जाम असेल तर कोपरे खाऊन टाकतो. एकदा नट गोल झाला की मग पक्कड, छिन्नी, शिव्या, सगळं सुरू. इंचाच्या पान्यांचा एक साधा सेट घ्या. शिवाय गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच सगळ्या बोल्टांवर मारून ठेवा. फवारा मारून पाच मिनिटांत पाना लावण्यात अर्थ नाही.

गाडी थंड हवी. थंड म्हणजे टोपीवर तळहात ठेवून थंड. कोमट नव्हे. गरम असताना टोपी उघडली तर दाब सुटतो आणि उकळतं पाणी चेहऱ्यावर येतं. यात शौर्य दाखवायचं काही कारण नाही.

बॅटरी सोडायची का? माझ्या गाडीत पंखा पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे अडत नाही, पण मी सोडतो. या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, आणि त्या बोनेटखाली नाहीत, सीटच्या मागे जमिनीत आहेत. तुमची गाडी १९६७ किंवा त्याआधीची असेल तर अर्थिंग बहुधा पॉझिटिव्ह असेल, म्हणजे गाडीच्या पत्र्याला बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक जोडलेलं असेल, तुमच्या सवयीच्या उलट. तार काढण्याआधी खूण बघून घ्या. शेवटच्या वर्षांतल्या, म्हणजे साधारण १९७६ नंतरच्या गाड्यांत रेडिएटर पुढे सरकला आणि पंखा विजेच्या मोटरवर आला. तिथे बॅटरी सोडायलाच हवी, आणि पंख्याच्या वायरीही.

आता पाणी काढू. डॅशवरची हीटरची मूठ पूर्ण गरमवर. म्हणजे हीटरमधलंही उतरेल. खाली पसरट भांडं, निदान सात-आठ लिटरचं. पूर्ण यंत्रणेत साडेपाच लिटरच्या आसपास पाणी असतं, पण ते कधी सरळ धारेत पडत नाही. काही रेडिएटरना खाली तोटी असते, काहींना प्लग, काहींना काहीच नसतं. नसेल तर खालचा होज पाइप हीच तोटी. आणखी एक तोटी किंवा प्लग इंजिनाच्या ब्लॉकवर असतो, उजव्या बाजूला मागच्या टोकाशी. तो उघडलात आणि काहीच आलं नाही तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. ओतीव लोखंडाचा ब्लॉक आहे, तळाशी गंजाचा गाळ बसतो आणि भोक बुजतं. जाड तार घालून टोचा. आधी तपकिरी चिखल येईल, मग पाणी.

(जवळून: भोकातून येणारा तपकिरी गाळ, भांड्यात.)

हे असं. हा गाळ दिसला की रेडिएटरच्या आत काय असेल याचा अंदाज येतो.

हे पाणी गटारात ओतायचं नाही. यात ग्लायकॉल आहे, म्हणजे पाणी गोठू न देणारं रसायन, ते विषारी आहे, आणि गोड लागतं म्हणून मांजरं-कुत्री ते पितात. भांडं उघडं ठेवून चहाला जाऊ नका. कॅनमध्ये भरा, झाकण लावा आणि कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर विचारा.

आता होज पाइप. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. क्लिप सैल केली, तरी पाइप निघत नाही. वर्षानुवर्षं रबर पितळी नळीला चिकटून बसलेलं असतं. माणूस काय करतो? दोन्ही हातांनी धरतो आणि पिळतो. पण ही नळी रेडिएटरच्या टाकीला फक्त डाख देऊन जोडलेली आहे. पाइप सुटायच्या आधी डाख सुटतो. मग साध्या साफसफाईसाठी काढलेला रेडिएटर दुरुस्तीला न्यावा लागतो. त्यामुळे पाइप हलत नसेल तर धारदार पातं घ्या आणि रबरावर लांबीच्या दिशेने चीर द्या. खोल नको, पितळेला ओरखडा नको. मग केळ्याच्या सालीसारखा सोलून काढा. पाइप नवीन घालायचाच असतो, त्याचं दुःख करायचं नाही.

वरच्या पाइपचं दुसरं टोक थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाणी तापलं की उघडणाऱ्या झडपेच्या घरावर आहे. ते घर तीन स्टडवर, म्हणजे इंजिनात रोवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टांवर नटांनी बसवलेलं असतं, आणि हे स्टड तुटण्यासाठी बी-सिरीज इंजिन कुप्रसिद्ध आहे. थर्मोस्टॅट बदलायचा नसेल तर त्या तीन नटांना आज हात लावू नका. ‘आता उघडलंच आहे तर’ हा विचार या गाडीत महागात पडतो.

जवळच एक बारीक तांब्याची नळी दिसेल, सिलिंडर हेडमधून निघून डॅशकडे जाते. जुन्या गाड्यांत ती तापमापकाची. तिच्यात वायर नाही, द्रव भरलेला आहे. मुरगळली किंवा तुटली तर डॅशवरचा काटा कायमचा गेला. तिला बाजूला सारायची असेल तर मोठा वळसा द्या, कोपऱ्यात दुमडू नका.

(कॅमेरा खाली, रेडिएटर आणि त्यामागचा पत्रा.)

आता खरा पेच. एमजीबीचा रेडिएटर थेट गाडीच्या अंगाला लावलेला नाही. तो एका रुंद पत्र्याच्या पडद्यात बसवलाय, आणि तो पडदा बोनेटखाली आडवा, दोन्ही बाजूंना बोल्टांनी धरलेला आहे. पुस्तक सांगतं, पडद्यासकट रेडिएटर काढा. नव्या गाडीत ठीक. पण ज्या गाड्यांना ऑइल कूलर आहे, जसा हिला आहे, त्यात कूलर पडद्याच्या पुढे आणि त्याचे दोन्ही पाइप पडद्यातल्या भोकांतून मागे इंजिनाकडे जातात. पडदा काढायचा म्हणजे ऑइलचे पाइप सोडणं आलं.

आणि ऑइल कूलरचे जोड पन्नास वर्षांनी सुटायला सहसा तयार नसतात. सोडायचेच असतील तर दोन पाने हवेत. एकानं कूलरचा षटकोन घट्ट धरायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकच पाना लावून जोर दिला तर कूलरचा पातळ धातू पिळला जातो आणि गळती सुरू होते. खाली चिंध्या ठेवा, तेल सांडणारच.

माझं मत विचाराल तर पडदा जागेवर राहू द्या. रेडिएटर पडद्याला बाजूंनी बोल्टांनी धरलेला आहे, फक्त ते बोल्ट सोडा. खालच्या बोल्टांपर्यंत हात पोहोचायला त्रास होतो, लांब एक्स्टेंशन लागतं, थोडी कुरकुर होते. पण ऑइलच्या जोडांना हात न लावता काम होतं, आणि हा सौदा फायद्याचा आहे. पडदा गंजून चाळण झाला असेल, रंगवायचा असेल, तरच पूर्ण बाहेर काढा.

शेवटचा बोल्ट सोडण्याआधी एक गोष्ट. जाड पुठ्ठा रेडिएटरच्या मापाचा कापा आणि पंखा आणि रेडिएटर यांच्या मध्ये सरकवा. जाळीचे फिन कागदासारखे पातळ असतात. वर उचलताना एकदा जरी पंख्याच्या पात्यावर घासला तर एक अख्खी ओळ चपटी होते. आणि उचलताना सरळ वर. तिरका करायचा मोह होतो, कारण एक बाजू आधी मोकळी होते. आत राहिलेलं पाणीही खाली ओघळणार, म्हणून भांडं अजून हलवू नका.

(रेडिएटर बाकावर.)

आला. आता टॉर्च घ्या आणि वरच्या तोंडातून आत बघा. नळ्यांची तोंडं रांगेत दिसतात. त्यांच्यावर पांढरा किंवा तांबूस थर असेल तर तुंबलेल्या आहेत. इंग्लंडच्या आग्नेय भागात नळाचं पाणी फार जड, चुन्याचं. कुणी वर्षानुवर्षं तेच भरलं असेल तर असं दिसतं. उलटा धरून बागेच्या पाइपनं खालून पाणी सोडा. जोराच्या धारेनं फिन वाकतात, म्हणून दाब बेताचा. तळाच्या कोपऱ्यांत हिरवट डाग दिसले तर तिथे पितळ-तांबं गळतंय. मूळ रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे, त्यामुळे नवीन जाळी टाकून वरच्या-खालच्या टाक्या त्याच ठेवता येतात. ज्यांना गाडीचं मूळ रूप जपायचंय त्यांनी ते करावं. ॲल्युमिनियमचे नवे रेडिएटर हलके आणि चांगले असतात, पण क्रोमच्या बंपरमागे चकाकणारं ॲल्युमिनियम मला तरी खटकतं.

रेडिएटर बाहेर आहे तोवर वॉटर पंप हातात येतो. पंख्याचं पातं धरून पुढे-मागे हलवा. खुळखुळ लागली किंवा पंपाच्या खालच्या छोट्या भोकाशी गंजाचा ओघळ दिसला तर पंप आत्ताच बदला. पट्टाही. रेडिएटर लागल्यावर हेच काम करताना हाताची सालं निघतात.

बसवणं म्हणजे उलट क्रमानं तेच. बोल्ट आधी सगळे हातानं लावा, मग घट्ट करा. क्लिप आवळताना जपून, कारण पितळी नळी मऊ असते. पाणी भरताना नळाचं नको, डिस्टिल्ड घ्या. ग्लायकॉल जुन्या गाड्यांसाठीचं, निळं, इनऑरगॅनिक प्रकारचं. क्लबातले जुने लोक नव्या लाल-केशरी कूलंटपासून लांब राहायला सांगतात, कारण जुन्या डाखाशी आणि जुन्या सीलशी त्याचं जमेल याची खात्री नसते. अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल घातलं तर उणे पस्तिसाच्या पुढेही गोठत नाही, इंग्लंडच्या हिवाळ्याला ते पुरून उरतं.

हीटर अजूनही गरमवर. गाडीचं नाक थोडं वर करून भरा म्हणजे हवा वर येईल. वरचा पाइप हातानं दाबत राहा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, पुन्हा भरा. इंजिन सुरू करा आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू द्या. वरचा पाइप अचानक गरम झाला की उघडला समजा. मग बंद करा आणि पूर्ण थंड होऊ द्या. पातळी पुन्हा बघा, बहुतेक वेळा अर्धा लिटर आणखी लागतंच. गळ्यापर्यंत भरू नका, गरम झालं की फुगून बाहेर येतं. आणि तुम्ही ऑइलचे पाइप सोडले असतील तर त्याच वेळी डिपस्टिक काढून तेल बघा, कारण कूलर रिकामा झालेला असतो आणि इंजिन सुरू झाल्यावरच तो भरतो. दोन्ही जोडांखाली कोरडं वर्तमानपत्र ठेवून गाडी रात्रभर उभी करा, सकाळी कागदावर तेलाचा ठिपका दिसला तर पुन्हा दोन पाने घेऊन बसा.