आधी स्टूल ओढा

नमस्कार, श्रोतेहो.

घरातलं एखादं पोर शेजारच्या काकूंपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांशी गप्पा मारतं. मग दहावी झाली की कुणीतरी म्हणतंच, "हा मार्केटिंगमध्ये जाणार!" मला हे खटकतं. बोलका असणं वेगळं आणि समोरच्याला बोलतं करणं वेगळं. आज या दुसऱ्या गुणावर चालणाऱ्या नोकऱ्यांबद्दल बोलूया.

मी स्वतः एका रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. पहिल्याच महिन्यात एका आजोबांना उपचाराच्या योजना धडाधड सांगितल्या. रेशनकार्ड आणा, दाखला आणा, शिक्का इथे. ते मान डोलवत राहिले. शेवटी म्हणाले, "पोरी, घरी कधी सोडतील? म्हैस आजउद्या व्यायची आहे." मग त्यांच्या पुतण्याला फोन लावला, म्हशीची सोय झाली, आणि कागद अर्ध्या तासात उरकले. तेव्हापासून आधी स्टूल ओढायचं, शेजारी बसायचं, मग तोंड उघडायचं.

याहून अवघड काम प्रत्यारोपण समन्वयकाचं. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 चा. मेंदू मृत झाल्याचं डॉक्टर किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरवतात. त्यानंतर नातेवाइकांशी अवयवदानाचं बोलायला समन्वयक बसतो. व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होतेय, अंग गरम आहे, आणि आईला पटवून द्यायचंय की मुलगा गेला. तिथे बडबड्याचा निभाव लागत नाही. ती गप्प राहिली, तर आपणही गप्प राहायचं. घड्याळाकडे बघायचं नाही, आत डॉक्टर खोळंबलेले असले तरी. आणि ती "नाही" म्हणाली, तर तेही तितक्याच मायेनं ऐकायचं.

पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, त्यांची सोय 1984 च्या कायद्यातच आहे. 2023 च्या कायद्याने मध्यस्थीलाही, म्हणजे दोन्ही बाजूंना बोलतं करून तंटा समजुतीने मिटवण्यालाही, बळ आलंय. त्यात सध्या वकीलच जास्त दिसतात, पण वाट खुली आहे.

शिक्षणाचं विचाराल तर समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएसडब्ल्यू. आपल्या कर्वेनगरातली 1963 मध्ये सुरू झालेली कर्वे समाजसेवा संस्था हे शिकवते. समुपदेशनासाठी मानसशास्त्रही चालतं. पगार हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांसारखा नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

प्रवेशअर्ज भरण्याआधी एक करून बघा. पीएमपीच्या बसमध्ये शेजारच्या आजी बोलायला लागल्या, की स्वारगेट येईपर्यंत स्वतःचं एकही गाऱ्हाणं मध्ये घालू नका. मला हे जमायला दोन वर्षं लागली.