भाकरी, कल्हई आणि गावची धूळ

(सोलापुरातल्या एका व्याख्यानमालेतलं भाषण, थोडी काटछाट करून)

मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘आहार, हवा आणि शरीरातले सूक्ष्म धातू’ असा छापलाय. तो वाचून घरून विचारणा झाली, "कोण येणार ओ ऐकायला?" तुम्ही आलात, आभारी आहे. मागच्या चार खुर्च्या आमच्या नातेवाइकांच्या आहेत, त्या मोजत नाही.

सूक्ष्म म्हणजे किती? मोठ्या माणसाच्या अंगात लोह ३ ते ४ ग्रॅम, एखाद्या खिळ्याएवढं. जस्त २ ते ३ ग्रॅम. तांबं तर ग्रॅमचा दहावा भाग. एवढ्याशा भांडवलावर संसार चालतो. शिसं आणि कॅडमियम मात्र आगंतुक. शरीरात त्यांचं काडीचं काम नाही, पण एकदा आले की मुक्काम हलवत नाहीत.

तांब्यावरून आठवलं. माझ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट पाठ आहे, त्यांनी हवं तर बाहेर फिरून यावं.

आमच्या घरी पितळेचं मोठं पातेलं होतं. वर्षातून दोनदा बोळात कल्हईवाला यायचा. भाता मांडायचा, निखारे फुलवायचा. तापल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर, नाकात घुसणारा वास. मग कथील टेकवून कापसाचा बोळा फिरवला की काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं. आम्ही पोरं खोकत तिथंच उभी. पुढं मी बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलं आणि घरातला शहाणा झालो. कल्हई म्हणजे नुसती चकाकी, कशाला पैसे घालवायचे, असं आईला पटवून दिलं. तिनं ऐकलं. पोरगं शिकतंय ना!

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. नंदीध्वज बघायला बार्शीहून मामा-मामी आणि त्यांची चार पोरं आली. आईनं त्याच पातेल्यात ताकाची कढी केली आणि मिरवणुकीच्या गडबडीत ती तीन तास त्यातच राहिली. पहिल्याच घोटाला मामी म्हणाली, "कढी कळकलीय वाटतं." पण पानात टाकायचं कसं? सगळ्यांनी नेटानं संपवली. तासाभरात अख्खं घर मोरीपुढं रांगेत. दोन उलट्यांच्या मध्ये मामानं मला विचारलं, "भाच्या, तुझ्या पुस्तकात याला काय म्हणतात रे?" आंबट पदार्थानं पितळेतलं तांबं सुटतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. पेपरात मी ते लिहिलंही होतं. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मला पातेलं डोक्यावर देऊन कल्हईवाला शोधायला पाठवलं.

‘कळकणं’, म्हणजे पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ राहून बिघडणं, हा शब्द आता नातवंडांना कळत नाही. भांडं गेलं, शब्दही गेला. माझी तक्रार आहे ती नव्या हौशीबद्दल. मोबाइलवर बघून लोक पितळेची भांडी पुन्हा आणतात आणि कल्हई विसरतात. कल्हई केलीच तर स्वस्तातली. त्या कथिलात शिसं मिसळलेलं असलं, तर तांबं चुकवून शिसं खाल्लं म्हणायचं.

हे सारं गमतीचं नाही. पूर्वी आपल्याकडं तान्ह्या मुलांची यकृतं निकामी व्हायची. १९८०च्या दशकात पुण्यात झालेल्या संशोधनात दिसलं, की यातल्या पुष्कळ मुलांना कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं दूध लवकर सुरू केलेलं होतं. दुधातली प्रथिनं तांबं धरून ठेवतात. घराघरांत स्टील आलं आणि तो आजार जवळपास दिसेनासा झाला.

आता भाकरी. इथं भाकरीविरुद्ध बोललो तर मंगळवेढ्यात मला कुणी पाणी विचारणार नाही, म्हणून जपून बोलतो. धान्याच्या कोंड्यात फायटेट असतं, ते जस्त आणि लोह धरून ठेवतं, अंगात मुरू देत नाही. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद इराणला गेले, तिथं त्यांना २१ वर्षांचा एक तरुण भेटला, दिसायला दहा वर्षांचा. आहार काय, तर बिनखमिराची रोटी आणि माती. तो अभ्यास १९६१ साली छापून आला, आणि जस्ताच्या कमतरतेनं माणसाची वाढ खुंटते हे जगाला त्यांच्यामुळं कळलं. आपली भाकरीही बिनखमिराचीच. पण आपल्या आज्यांनी आंबील आंबवली, कडधान्यांना मोड आणले. त्यानं फायटेट उतरतं. लिंबू पिळलं की लोह जास्त मुरतं. जेवण झाल्याझाल्या चहा घेतला की तेच लोह वाया. आणि आपल्याला चहा लागतो नेमका तेव्हाच!

...चिठ्ठी आली. सात मिनिटं. हवेचं अजून काहीच झालं नाही. पळतो.

आतड्याच्या देवडीवर एक रखवालदार आहे, शास्त्रात त्याला डीएमटी-१ म्हणतात. काम लोह आत घेण्याचं. अंगात लोह कमी पडलं की शरीर असे रखवालदार वाढवतं. पण त्याला माणसं नीट ओळखता येत नाहीत. लोहाच्या जागी कॅडमियम आलं तरी आत सोडतो. लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शिसंही जास्त शिरतं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठी माणसं साधारण दहावा भाग शोषतात, लहान मुलं निम्म्यापर्यंत. आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे किती घरांत देवडी सताड उघडी आहे बघा.

हवेचा इथं काय संबंध? सोलापूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात घेतलेल्या, म्हणजे हवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा खराब निघालेल्या, शहरांपैकी एक. हवेतले अगदी बारीक कण फुप्फुसात खोल जातात, तिथं रखवालदार वगैरे नाही, धातू थेट रक्तात. विडी-सिगारेटच्या धुरातलं कॅडमियम याच वाटेनं जातं आणि मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षं बसून राहतं. पण जाड धूळ श्वासनलिकेत अडकते, कफाबरोबर घशात येते, आणि ती आपण नकळत गिळतो. माझं म्हणणं एवढंच होतं, आणि त्यासाठी मी पाऊण तास कढी ढवळत बसलो: ही धूळ शेवटी पोटातच जाते. तिच्यातलं शिसं किती मुरायचं, हे तुमच्या ताटावरही ठरतं. शिशाचं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीत आणि माझ्या पिढीच्या हाडांत ते शिसं अजून आहे. उतारवयात हाडं झिजली की ते परत रक्तात उतरतं. सूज आल्यावर लोह कसं अडकून पडतं, तो भाग राहिलाच.

समोरच्या आजोबांचा प्रश्न आलाय: तांब्याच्या तांब्यातलं पाणी प्यावं का? साधं पाणी प्या, हरकत नाही. त्यात लिंबू पिळू नका. आणि ताक तर नकोच. मामा आता नाहीत, पण मामी अजून विचारते.