पत्र्याखालचं लाईट बिल

(पर्वती पायथ्याला वस्तीतल्या बैठकीत झालेलं बोलणं, थोडं नीट करून)

माइक खरखरतोय, राहू दे, मी जोरातच बोलते.

ब्रिटनमध्ये 1991 साली एक हिशोब मांडला गेला, पुढे बरीच वर्षं तो वापरात होता, की घर ऊबदार ठेवायला कमाईच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे लागत असतील तर ते घर इंधनाच्या बाबतीत गरीब धरायचं. तिकडे थंडीचा प्रश्न. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी तीनला जनता वसाहतीतल्या पत्र्याच्या खोलीत बसून बघा. पुणं म्हणे थंड हवेचं गाव, असेल, बंगल्यातल्या आंब्याखाली असेल.

मी घरोघरी जाऊन बिलं बघते आणि आधी विचारते, मीटर कुणाच्या नावावर? कारण खरी गोम तिथेच आहे. समजा एका मालकाच्या चार खोल्या आणि मीटर एकच. प्रत्येक घर महिन्याला 70 युनिट जाळतं, म्हणजे फार नाही, पण मीटरवर दिसतात 280. महावितरणचा पहिला स्वस्त स्लॅब 100 युनिटपर्यंत, पुढे दर जवळपास दुप्पट. म्हणजे 180 युनिट महाग दराने. वेगळं मीटर असतं तर चौघंही 100 च्या आतच राहिले असते. आणि मालक खोलीखोलीला स्वतःचं छोटं मीटर, म्हणजे सबमीटर, लावून वर आपला दर लावतो तो वेगळाच. नवीन मीटर मागायला जावं तर मालकाच्या ना-हरकतीवर गाडी अडते.

आता पंखा. जुना पंखा 75 वॉटचा, सोळा तास फिरला की रोज 1.2 युनिट, महिन्याला 36. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, साधारण 28 वॉटचा, तेवढ्याच वेळात महिन्याला साडेतेरा. पण तो दीड-दोन हजाराने महाग, मग सेकंडहँड जुनाच घेतला जातो आणि दर महिन्याला त्याचा दंड भरत बसायचं. आणि तो मोठा डबा रेग्युलेटर बघितलाय ना, हात लावून बघा, गरम लागतो. पंखा हळू केला की वीज वाचते असं वाटतं, पण बरीचशी त्या डब्यातच जळते. (बीएलडीसीचा रिमोट मात्र पोरं हरवतात, तो खिळ्याला बांधून ठेवा.)

पत्र्याला चुना मारा, हे मी सगळ्यांना सांगते. पांढरं छप्पर ऊन परत फेकतं. सिमेंटच्या पत्र्यावर चुना बरा धरतो, लोखंडी पत्र्यावर सुटतो, पावसाळ्यात तर धुऊनच जातो, म्हणून दर फेब्रुवारीत परत मारायचा. मागच्या वर्षी एका ताईंनी अर्ध्याच पत्र्याला मारला कारण चुना संपला, दुपारी खालून दोन्हीकडे हात लावला तर एकीकडे हात ठेववत नव्हता. उरलेला त्यांनी त्याच संध्याकाळी मारला.

अंघोळीच्या पाण्याचं थोडक्यात सांगते. सिलेंडर पुरवायचा म्हणून चुलीत फर्निचरचं प्लाय घालू नका, त्यातल्या गोंदाचा धूर वाईट असतो. सुकं लाकूड जाळा आणि पातेल्यावर झाकण ठेवा, एवढंच.

सोलरचं सगळे विचारतात. पीएम सूर्य घर योजनेत, 2024 ची, 1 किलोवॉटला 30 हजार आणि 3 किलोवॉटला 78 हजार सबसिडी आहे. छान आहे, पण छप्पर स्वतःचं हवं आणि कनेक्शन स्वतःच्या नावावर. भाडेकरूने काय, मालकाच्या पत्र्यावर पॅनल टाकायचे?

बरं, ज्यांनी बिलं आणलीत त्यांनी इकडे रांग करा, एकाच मीटरवरची चारही घरं एकत्र या, म्हणजे ना-हरकतीचा अर्ज एकदमच लिहून टाकू.