हडपसरची कुपी, लंडनचा दरवाजा

(दृश्य : हडपसर, सकाळ. सोलापूर रस्त्यावरची वाहनांची रांग.)

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की हडपसर येतं. पूर्वी इथे भाजीचे मळे होते. 2021 साली इथून निघणाऱ्या शीतपेट्यांच्या गाड्यांवर जगाची नजर होती. काचेची बोटभर कुपी, आत पाच मिलिलीटर द्रव, म्हणजे दहा माणसांची कोविडची लस. नाव कोविशिल्ड. सूत्र ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि अ‍ॅस्ट्राझेनेका यांचं, उत्पादन सीरम इन्स्टिट्यूटचं.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये यातले 50 लाख डोस ब्रिटनला गेले. तिथल्या लोकांच्या दंडात ते टोचलेही गेले. आणि सहा महिन्यांनी त्याच ब्रिटनने सांगितलं, की भारतात हीच लस घेऊन आलेला प्रवासी आमच्या नियमांत लस न घेतलेला धरला जाईल.

ही त्या काही आठवड्यांची गोष्ट आहे. औषध सीमा ओलांडून गेलं होतं. त्याच्या पुराव्याचा कागद मात्र सीमेवर अडला.

(दृश्य : लसीकरण केंद्राबाहेरची रांग, हातात फायली घेतलेली मुलं.)

भारतात लसीकरण 16 जानेवारी 2021 ला सुरू झालं. मे महिन्यात दुसरी लाट भरात होती, लस अपुरी होती, आणि 13 मे रोजी कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर 12 ते 16 आठवडे केलं गेलं. घरी बसलेल्या माणसाला त्याने फारसा फरक पडत नव्हता. पण ज्या मुलाचं विद्यापीठ सप्टेंबरमध्ये उघडणार, त्याने बोटांवर आठवडे मोजले आणि त्याच्या पोटात गोळा आला. पहिला डोस जूनमध्ये मिळाला, तर दुसरा ऑगस्टच्या अखेरीआधी मिळणारच नव्हता.

मुंबई महापालिकेने परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी नोंदणीशिवाय थेट लस द्यायला सुरुवात केली. प्रवेशपत्र आणि व्हिसाची कागदं घेऊन मुलं उभी राहिली. मग 7 जूनला केंद्र सरकारने मुभा दिली : शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जाणारे आणि टोकियो ऑलिंपिकला निघालेले खेळाडू यांना 28 दिवसांनंतर दुसरा डोस. प्रमाणपत्रावर पासपोर्टचा क्रमांकही घालायची सोय झाली.

इथे एक आपल्याकडची अडचण होती. आपण नाव लिहितो तीन पदरी : स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. आधारवर एक क्रम, पासपोर्टवर दुसरा. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर आणखी गुंता. विमानतळावरचा अधिकारी दोन कागद शेजारी धरणार आणि अक्षरं जुळवून बघणार, म्हणून नाव पासपोर्टबरहुकूम हवं. कोविन या लसीकरणाच्या सरकारी संकेतस्थळावर ही दुरुस्ती एकदाच करता येत होती. चूक दुरुस्त करताना नवी चूक झाली तर काय, या धास्तीने आईवडील, मुलं, सगळे मिळून एकेक अक्षर वाचत बसायचे.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर क्यूआर कोड.)

1 जुलैला युरोपीय संघाचं प्रवासासाठीचं डिजिटल प्रमाणपत्र सुरू झालं. त्यात युरोपच्या औषध संस्थेने मंजूर केलेल्या लसी होत्या. अ‍ॅस्ट्राझेनेकाची युरोपातली लस त्यात होती, पुण्याची नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारीतच पुण्याच्या लसीला मान्यता दिली होती, तरीही. जर्मनी, स्पेन, ग्रीस, आयर्लंड यांसारख्या काही देशांनी आपापल्या अधिकारात कोविशिल्ड स्वीकारली.

याच जुलैमध्ये पुण्याची कुपी टोचून घेतलेल्या ब्रिटिश नागरिकांनाही झळ बसली. त्यांच्या लसीच्या बॅचचा क्रमांक पाहून माल्टाला जाणाऱ्या विमानात त्यांना चढू दिलं नाही. ब्रिटिश सरकारने तेव्हा ठामपणे सांगितलं, की ही लस आणि आमची लस एकच आहे.

आता सप्टेंबर. एप्रिलपासून भारत ब्रिटनच्या लाल यादीत होता, म्हणजे उतरल्यावर माणशी 1,750 पौंड भरून हॉटेलात विलगीकरण. ऑगस्टमध्ये त्यातून सुटका झाली. मुलांनी तिकिटं काढली. आणि 17 सप्टेंबरला नवे नियम आले, 4 ऑक्टोबरपासून लागू होणारे. ज्या देशांचं लसीकरण ब्रिटन मानणार होतं, त्या यादीत भारत नव्हता. दोन डोस झालेले असोत वा नसोत : निघण्यापूर्वी चाचणी, पोहोचल्यावर दुसऱ्या आणि आठव्या दिवशी चाचणी, आणि दहा दिवस खोलीत बंद.

भारताच्या परराष्ट्र सचिवांनी या धोरणाला भेदभाव म्हटलं. 22 तारखेला ब्रिटनने नियमांत कोविशिल्डचं नाव घातलं, पण भारताचं नाव तरीही आलं नाही. आता कारण सांगितलं गेलं ते प्रमाणपत्राचं.

त्या कारणात एक खरा मुद्दा होता, तो झाकून ठेवू नये. ब्रिटनच्या अटीत पूर्ण जन्मतारीख हवी होती. आपल्या प्रमाणपत्रावर फक्त वय असायचं. परदेशी जाणाऱ्यांसाठी जन्मतारखेची सोय कोविनने सप्टेंबरच्या अखेरीस केली. हे आधी सुचायला हवं होतं. पण एका जन्मतारखेपायी सबंध देशाच्या लसीकरणावर अविश्वास दाखवणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. प्रमाणपत्रावर डिजिटल सही होती, कोड स्कॅन करून खरंखोटं क्षणात कळत होतं. तपासायची इच्छा असती, तर तपासता येत होतं.

4 ऑक्टोबरला भारताने तोच नियम ब्रिटिश नागरिकांना लावला. तीन चाचण्या, दहा दिवस विलगीकरण. यात ब्रिटिश पासपोर्ट असलेली आपलीच माणसं सापडली. दीड वर्ष आईवडिलांचं तोंड न पाहिलेली, दिवाळीला महिना उरला असताना घरी यायला निघालेली. रजा पंधरा दिवसांची, त्यातले दहा बंद दाराआड.

7 ऑक्टोबरला ब्रिटनने जाहीर केलं : कोविशिल्डचे दोन्ही डोस घेतलेल्या भारतीयांना 11 तारखेपासून विलगीकरण नाही. 13 तारखेला भारतानेही आपला नियम मागे घेतला.

(दृश्य : पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचं प्रवेशद्वार.)

कोव्हॅक्सिन घेतलेल्यांची वाट मात्र संपली नव्हती. ही लस हैदराबादच्या भारत बायोटेकची, पण तिच्यासाठीचा विषाणू वेगळा केला तो पुण्याच्या या संस्थेने. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता तिला मिळाली 3 नोव्हेंबरला. 8 नोव्हेंबरला अमेरिकेचं दार उघडलं, 22 ला ब्रिटनचं. त्याआधी अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी अशा मुलांना इथे येऊन पुन्हा दुसरी लस घ्या, असं कळवलं होतं. ज्या केंद्रावर जी लस आली ती त्यांनी घेतली होती. निवड त्यांच्या हातात नव्हती.

18 मार्च 2022 ला ब्रिटनने प्रवाशांवरची सगळी कोविड बंधनं उठवली. अमेरिकेने लसीची अट काढली 2023 च्या मे महिन्यात.

(दृश्य : मुंबई विमानतळ, आगमन कक्ष. आरोग्य तपासणीचं टेबल.)

लसीचा एक कागद मात्र आजही इथे मागितला जातो. नैरोबीहून, अदिस अबाबाहून येणाऱ्या प्रवाशाकडे पीतज्वराची (यलो फीवरची) लस घेतल्याचं पिवळं पुस्तक असावं लागतं. हा रोग भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या घरोघरी आहे, म्हणून आपण यात कसूर करत नाही. लस घेऊन दहा दिवस व्हावे लागतात, त्यानंतर तो दाखला आयुष्यभर चालतो. ज्याच्याकडे तो नसेल, त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जातं.

टेबलामागची अधिकारी पुस्तक उघडते. नाव, जन्मतारीख, लसीची तारीख, बॅच क्रमांक, केंद्राचा शिक्का. पासपोर्ट शेजारी धरते. अक्षरं जुळवून बघते, आणि पुस्तक परत देते.